शुक्रवारी चढवलेलं भांडं

इस्राएलमधल्या आमच्या दिमोना गावात डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या सुमारासच बुडतो. म्हणून शुक्रवारी माझी सगळी धावपळ दुपारीच. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागला की स्वयंपाक बंद, आणि शनिवारी जेवायला तर गरम हवं. त्याला उत्तर म्हणजे हामीन. मांस, घेवडा, गहू, बटाटे एका भांड्यात घालून सूर्यास्ताआधी चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायचं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. कोकणात घाण्यावर तेल गाळणारे आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. पण ठाण्याला आमच्या घरी हामीन कधी झालं नाही, आणि बीफ तर नाहीच. आजूबाजूला सगळे हिंदू शेजारी. आमच्या बहुतेक घरांत मटण किंवा कोंबडीच शिजायची. हामीन मी शिकले ते लग्नानंतर, मोरोक्कोहून आलेल्या सासूबाईंकडून. त्या त्याला स्खीना म्हणायच्या. हामीन म्हणा नाहीतर स्खीना, दोन्हींचा अर्थ गरम.

इथे खाटकाकडे मांसाच्या भागांना नंबर असतात. मी आठ नंबर घेते, म्हणजे पोटरी. सव्वा किलो, वर दोन नळ्या. बघायला हा तुकडा कुणाला आवडणार नाही: मधून पांढऱ्या शिरा, हाताला चिवट. पण याच शिरा रात्रभर विरघळतात आणि रस्सा ओठांना चिकटतो. महागडा मऊ तुकडा घातलात तर सकाळपर्यंत त्याचा कोरडा चोथा होईल.

दोन वाट्या पांढरा राजमा गुरुवारी रात्रीच भिजत घालते. सकाळी ते पाणी ओतून देते आणि नव्या पाण्यात, गॅसवर, अर्धा तास खळखळून उकळते. ही पायरी कृपा करून गाळू नका. माझं भांडं म्हणजे विजेवरचा, मंद आचेचा स्लो कुकर; तो हळूहळू तापतो, आणि कच्च्या राजम्यात जे विष असतं ते तेवढ्या उष्णतेला मरत नाही. पोट बिघडून उलट्या होतात. लाल राजम्यात तर ते जास्तच असतं.

मग तळाला परतलेला कांदा, त्यावर राजमा, बटाटे, तपकिरी होईपर्यंत तव्यावर भाजलेलं मांस, नळ्या, लसणीचा अख्खा गड्डा, हळद, जिरं, गोड पाप्रिका, दालचिनीचा तुकडा आणि दोन खजूर. कडेला धुतलेली अंडी, कवचासकट. पाणी दोन बोटं वर. बारा वाजता हाय, चारच्या आत लो. सासूबाई झाकणावर हात ठेवून एकच सांगायच्या, उघडू नकोस. खरंच आहे, एकदा झाकण उघडलं की गेलेली वाफ परत धरायला त्या बिचाऱ्या कुकरला अर्धा तास लागतो.

हा कुकर जन्मला तोच मुळी या पदार्थापायी. अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांच्या आईचं बालपण लिथुआनियात गेलं. तिथे शुक्रवारी भांडं गावच्या बेकरीत नेऊन देत आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजे. आईकडून हे ऐकून त्यांनी विजेचं भांडं केलं. १९४० साली पेटंट मिळालं. क्रॉक-पॉट या नावानं ते १९७१ मध्ये घराघरांत पोचलं.

एका हिवाळ्यात मला वाटलं, आपल्या कोकणची खूण हवी, म्हणून सुरुवातीलाच सात-आठ आमसुलं टाकली. शनिवारी मांस लोण्यासारखं, आणि राजमा खड्यासारखा. आमटीत आमसूल शेवटी घालायचं हे लहानपणापासून पाहिलेलं, तरी विसरले. आता भांड्यात आंबट काही नाही. बाजूला नारळाच्या दुधाची सोलकढी करते. मांसाबरोबर दूधदुभतं आम्हाला चालत नाही; तिच्यात ते नाही, त्यामुळे चालते, आणि त्या जड रश्श्यानंतर तिचा एक घोट म्हणजे जिवाला थंडावा.

हामीनमध्ये ठेवायच्या गव्हाची पुरचुंडी बांधायचं काम आईचं. ऐंशीच्या पुढची आहे, माझ्याकडेच असते. ठाण्यात श्रीखंडासाठी चक्का बांधायची तोच हात. फडकं मात्र मांसाचं वेगळं. गहू फुगतो म्हणून ती गाठ वर मारते, खाली चार बोटं जागा सोडून. मी बांधली की फडकं फाटतं.

ती स्वतः बीफ अजूनही खात नाही. तिच्यासाठी प्लातावर, म्हणजे शब्बाथच्या तव्यावर, छोट्या पातेल्यात कोंबडी, मूठभर राजमा आणि एक अंडं ठेवते. उद्या ती सगळ्यात आधी तेच अंडं सोलेल. रात्रभरात त्याचा पांढरा भाग चहाच्या रंगाचा होतो. मीठ लावून अर्धं ती खाते, अर्धं माझ्या ताटात ठेवते.