रेझिस्टन्स शून्य, तरी तापतं कसं?

अतिवाहक (सुपरकंडक्टर) तारांतला लॉस, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा, मोजणं हे माझं काम. घरी फोनवर त्याचा विषय निघाला की काकांचा प्रश्न ठरलेला. ते आयुष्यभर एमएसईबीत होते. "अगं, अतिवाहकाचा रेझिस्टन्स शून्य ना? मग लॉस कसला मोजता तुम्ही?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये आम्ही दिवसभर त्याच्याशीच झटत असतो.

शून्य रोध हा स्थिर प्रवाहापुरता, म्हणजे डीसीपुरता खरा. आमच्या 'उच्च तापमानाच्या' (इतर अतिवाहकांच्या मानाने उच्च, तरी अतिथंडच) अतिवाहकांत चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात आत शिरतं. पदार्थात मुद्दाम पेरलेले दोष या भोवऱ्यांना धरून ठेवतात, नाहीतर तारेतून मोठा प्रवाह नेताच येणार नाही. एसीमध्ये क्षेत्र सारखं उलटतं, भोवऱ्यांना जागा सोडावी लागते आणि दर ओढाताणीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. ज्या पकडीमुळे तार कामाची ठरते, तिच्यापायीच ती तापते.

अशी तार मोटरमध्ये वापरायची, तर त्यात वेगाची भर. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या चार ध्रुवांच्या मोटरमध्ये स्टेटरची, म्हणजे स्थिर भागाची, वारंवारता ५०० हर्ट्झ होते, म्हणजे घरच्या विजेच्या दहापट. भोवऱ्यांमुळे होणारं नुकसानही साधारण दहापट वाढतं. आमची तार म्हणजे एक चपटी टेप; तिच्यावरच्या तांब्याच्या थरात फिरणाऱ्या एडी करंटांमुळे होणारं नुकसान तर वारंवारतेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे शंभरपट.

काकांना यात सर्वांत पटलं ते थंडाव्याचं गणित. ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांवर, तयार झालेली १ वॉट उष्णता बाहेर काढायला निसर्गनियमानेच सुमारे ३ वॉट लागतात. प्रत्यक्षातली यंत्रं १० ते २० वॉट खातात. २० केल्विनला आदर्श आकडाच १४ वर जातो. एकेका वॉटसाठी आम्ही भांडतो ते यामुळे.

आजवर गाजलेली मोठी यंत्रं या अडचणीला वळसा घालून गेली. अमेरिकी नौदलाची ३६.५ मेगावॉटची मोटर मिनिटाला १२० फेऱ्यांची. डेन्मार्कमध्ये थायबोरॉनला २०१८ साली बसवलेली ३.६ मेगावॉटची पवनचक्कीही संथच. दोन्हींत अतिवाहक फक्त रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, जिथे प्रवाह डीसी असतो. विमानाला मात्र हलकी मोटर हवी, हलकी म्हणजे वेगवान, आणि खरा फायदा घ्यायचा तर स्टेटरही अतिवाहक हवा. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

मोजमाप बघण्यासारखं असतं. थर्माकोलच्या खोक्यात ४ मिलिमीटर रुंद टेपची कॉइल ठेवून वरून द्रव नायट्रोजन ओततात. आधी जोरात उकळतं, पांढरं धुकं टेबलावरून खाली उतरतं, मग सगळं शांत होतं. अतिवाहकाचा थर जेमतेम १-२ मायक्रॉनचा. कॉइलवरचं बहुतेक व्होल्टेज लॉसचं नसतंच. ते दुसऱ्या कॉइलने कापून टाकायचं आणि प्रवाहाच्या तालात चालणारे उरलेले मायक्रोव्होल्ट पकडायचे. ताल किंचित चुकला तरी आकडा खोटा.

लोअर हटला या विषयाचा वारसा आहे. ११० केल्विनपर्यंत टिकणाऱ्या बिस्मथच्या अतिवाहकावरच्या कामासाठी इथल्या जेफ टॅलन आणि बॉब बकली यांना २०१० साली न्यूझीलंडचा पंतप्रधान विज्ञान पुरस्कार मिळाला. बाजारपेठांपासून इतक्या दूरच्या, छोट्या देशात हे घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नुकसान कमी करायचा एक उपाय म्हणजे लेझरने टेपवर रेघा मारून अतिवाहकाच्या अरुंद पट्ट्या करायच्या. क्षेत्र टेपवर काटकोनात पडतं तेव्हा रुंदी घटली की लॉसही घटतो. पण पट्ट्यांना पीळ नसेल तर त्या एकमेकींशी जोडल्यासारख्या वागतात आणि फायदा निसटतो. म्हणून असा टेप बारीक नळीभोवती सर्पिल गुंडाळतात. मला सर्वाधिक आशा याच वाटेची आहे. फक्त एखादी पट्टी मध्येच तुटली, तर तिच्यातल्या प्रवाहाला शेजारी सहज वळता येत नाही, आणि नेमकी तीच जागा तापू लागते.