मागं किती बोटं?

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही, असा शाळेतून फोन आला तेव्हा डोळ्यांपुढं वर्ग आलाच नाही. आली ती पाण्याच्या टाकीमागची जागा. मोठं मैदान खो-खोवाल्यांकडं. आम्हा फुटबॉलवाल्यांना दहा-बारा पावलांचा लाल मातीचा तुकडा.

त्यात सर चौघांना कडेला उभं करत आणि दोघांना मध्ये सोडत. कडेच्यांनी बॉल फिरवायचा, मधल्यांनी हिसकायचा. बॉलला टच दोनच, दुसऱ्याला पास द्यायचाच. ज्याचा पास तुटला तो आत. आम्ही कोल्हापूरच्या पेठेतली पोरं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या गावातल्याच संघांच्या मॅच बघत वाढलेली. चौघांना चकवून गोल मारला तरच खेळलो असं वाटायचं. दोन टचात कसली मर्दुमकी? पण एवढ्याशा जागेत बॉल पायात आल्यावर विचार सुरू केला की तो गेलाच. पुढं टीव्हीवर बार्सिलोनाचे खेळाडू सरावात हेच करताना दिसले. त्याला रोंडो म्हणतात म्हणे. आम्ही 'टाकीमागचं' म्हणायचो.

सरांची आणखी एक खोड होती. बॉल माझ्याकडं निघाला की ते माझ्या पाठीमागं उभं राहून बोटं वर करायचे. पास दिला की विचारायचे, "किती?" चुकलं की शाळेला फेरी. पहिला महिना मी फुटबॉल कमी आणि फेऱ्याच जास्त मारल्या. मग कधीतरी बॉल यायच्या आत मान आपोआप वळायला लागली. मागं कोण आहे ते ठाऊक असलं की पहिल्या टचलाच बॉल मोकळ्या बाजूला घेता येतो, हे त्यानंतर उमगलं. डावा पाय मात्र टाकीच्या भिंतीनंच घडवला.

नववीत एका मॅचला कडेनं "मार की लेका!" असा गलका झाला आणि मी न बघता मागं पास दिला, थेट समोरच्या फॉरवर्डच्या पायात. हरलो. सर रागावले नाहीत. सायकल थांबवून एवढंच म्हणाले, "पास चांगला होता रं. माणूस दुसऱ्यांचा होता."

२०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. अमेरिकेनं ३-० नं हरवलं त्या रात्री घरचे गोल मोजत होते, मी पोरांच्या माना बघत होतो.

हल्ली रविवारी गल्लीतल्या पोरांना खेळवतो. परवा एकीच्या मागं बोटं धरली. पास देऊन ती म्हणाली, "तीन. आणि काका, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."