तीन पाऊण सव्वादोन

रविवार, रात्री साडेदहा

वह्या तपासायला घेतल्या होत्या. तीन झाल्या, मग नुसतीच बसून राहिले.

गुरुवारची समुद्राची सहल कधीच संपली. बुटांतली वाळू निघाली, बसलेला घसा सुटला, पालकांच्या ग्रुपवरचे फोटोही थांबले. माझं ते एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही.

बस माहीम कॉजवेवर अडकली होती. मागे आरडाओरडा, पीटीचे सर शिट्टी हरवली म्हणून वैतागलेले, आणि मोठ्या बाईंचा दर पाच मिनिटांनी फोन. माझ्या वर्गातली ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती, कारण तिला बस लागते. कोळीवाड्यातल्या पोरीला बस लागते, याची मला उगाच गंमत वाटत होती. तर ती लिंबू हुंगता हुंगता म्हणाली, "बाई, आज तीज ना. पाणी सव्वादोनला भरेल. आपल्याला खूप टाइम आहे."

मी म्हणाले, "असं काही नसतं गं. तिथीवर नसतं ते, चंद्रावर असतं."

चंद्रावर! एकोणीस वर्षं भरती-ओहोटीचा धडा शिकवतेय. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले की उधाणाची भरती, काटकोनात आले की भांगाची. फळ्यावर तीन गोळे काढून काढून हात बसलाय. आणि तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्यापासून किती सरकला त्याचा हिशेब. हे मला कळायला रात्रीचे अकरा वाजले, तेही भांडी घासताना.

वांद्र्याच्या बँडस्टँडला उतरलो तर माहिती द्यायला आलेल्या मुलाने मोबाइल काढून सगळ्यांना सांगितलं, "साडेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी, दुपारी दोन सोळाला भरती." मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहून हसली असती तरी चाललं असतं मला.

खडकांवर मी पहिल्यांदाच उतरत होते, हेही इथे लिहून टाकते. जन्म दादरचा, पण आमच्या वेळी समुद्राची सहल म्हणजे तारापोरवाला मत्स्यालय, काचेपलीकडचे मासे आणि बाहेर आल्यावर कुल्फी. खडकाकडे घाण म्हणूनच बघायचं. घाण होतीच, नाही असं नाही. पिशव्या, निर्माल्य, एक अख्खी चप्पल. पण त्या चपलेच्या वीतभर पलीकडे एका डबक्यात हिरव्या बटणांचा गालिचा पसरलेला. पाण्याबाहेरची बटणं गच्च मिटलेली, पाण्याखालची उघडलेली, कडेला बारीक झालर. झोअँथिड म्हणे. हात लावायचा नाही, काहींत जहाल विष असतं. हे प्राणी आहेत यावर मुलांचा विश्वास बसेना. माझाही बसला नव्हता, पण मी मान डोलावली. शिक्षकांना ती सवय असते.

मग एक शंख चालायला लागला आणि पोरांनी एवढा गलका केला की आतला खेकडा अर्धा तास बाहेर आला नाही. दगड उचलायचा तर हळू, आणि होता तसाच परत ठेवायचा, कारण खाली कुणाचं तरी घर असतं. हा नियम चाळीस मुलांना पाळायला लावणं काय असतं, ते मोठ्या बाईंनी एकदा येऊन बघावं.

ती मात्र उकिडवी बसून एका खडकावरच्या पांढऱ्या खपल्यांवरून बोट फिरवत होती. तो मुलगा म्हणाला, ऑयस्टर. ती म्हणाली, "कालवं. आजी टोच्याने फोडते, वरचं झाकण फक्त. खालचं दगडालाच राहतं." तो तिच्या शेजारी चक्क खाली बसला, ओल्या खडकावर, आणि विचारायला लागला. अजून काय मिळतं, कुठल्या महिन्यात. ती पाण्यापलीकडे वरळीचा किल्ला दाखवून सांगत होती, त्याच्या मागे आमचं घर. वर्गात ही मुलगी हजेरीपलीकडे बोलत नाही. की मी बोलू देत नाही? जाऊ दे.

तो असेल पंचविशीचा. त्याला खाली बसणं जमलं. मला गुडघे आहेत, हे कारण मी स्वतःला तीन दिवस देतेय.

ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "तीन पाऊण सव्वादोन, बरोबर आहे की!" पाऊणकी. अप्पा अंघोळ करताना पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायचे आणि आम्ही बहिणी बाहेर नकला करायचो. तिथीला पाऊणने गुणा, मुंबईच्या भरतीची वेळ आली. मी दरवर्षी सांगतेच की भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. एवढंच तर होतं. तिच्या आजीला मोबाइल लागत नाही आणि मला फळा पुरत नाही.

शुक्रवारी सॉरी म्हणणार होते, पण तिच्या बाकापर्यंत जाऊन "वही आणली का?" असं विचारून परत आले. शनिवारी ती आलीच नाही.

उद्यासाठी सराव म्हणून हिशेब केला. उद्या सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. मग खात्रीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं, तर सप्तमी दुपारीच संपतेय. म्हणजे संध्याकाळच्या भरतीला सप्तमी धरायची की अष्टमी? हे ह्यांना येत नाही, अप्पा नाहीत, आणि मोबाइलमध्ये बघायचं नाही असं मी ठरवलंय.

तिलाच विचारावं लागणार. मधल्या सुट्टीत, तिच्या बाकावर बसून.