चव न बघता केलेलं पन्हं

नैवेद्याचं पन्हं करायचं म्हणजे मुख्य अडचण ही की ते चाखायचं नाही. बाकी सगळं सोपंय, कैरी उकडा, गर काढा, गूळ घाला, झालं. पण कैरी कधी कुणाचं ऐकते का, एक झाड आंबट ढाण तर शेजारचं नुसतं तुरट, आणि चाखल्याशिवाय गूळ किती हे कळणार कसं? आमच्याकडे वर्षानुवर्षं हे सासूबाईंकडे होतं म्हणून मला कधी प्रश्नच पडला नाही, यंदा त्यांचे गुडघे साथ देईनात आणि काम माझ्याकडे आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही धुळ्याचे. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो आणि खान्देश हे देवीचं माहेर मानतात, त्यामुळे धुळे, नंदुरबार, जळगाव सगळीकडून माणसं पायी गडाला निघतात. बायका, म्हातारी माणसं, लहान पोरं, झेंडे, डीजे सगळं असतं. ऊन म्हणाल तर चाळिशी कधीच ओलांडलेलं, खिशात कांदा घेऊन चालणारे आजोबा मी स्वतः बघितलेत. चालणं पहाटे आणि रात्री, आणि दहा-अकरा वाजले की सगळे सावली शोधतात, तेव्हा आमच्या गल्लीतर्फे हायवेला पन्ह्याचं टेबल लागतं. पण आधी घरी देवीच्या टाकापुढे वाटी ठेवायची, मग तीच वाटी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतायची म्हणजे सगळ्याचा प्रसाद झाला. म्हणून त्या गंजातलं कुणी आधी चाखायचं नाही. मी गंमतीत चमचा उचलला तरी आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "चाखू नको वं माय, देवीनं शे ते!" (देवीचं आहे ते)

मग मी विचारलं, आई, तुम्हाला इतकी वर्षं कळायचं कसं? तर म्हणाल्या चव बाजारातच बघायची असते. मला आधी कळलंच नाही, मग त्यांनी सांगितलं की पोतं घ्यायच्या आधी चार-पाच कैऱ्या वेगवेगळ्या ठिकाणच्या काढायला लावायच्या, वरच्या नाही, वरच्या तो मुद्दाम चांगल्या ठेवतो, तळातल्या काढायच्या आणि फोड चावून बघायची. दात आंबले की गूळ दुप्पट, नाही आंबले की दीडपट. एवढंच त्यांचं शास्त्र. आणि तोतापुरी घ्यायची नाही, दिसायला मोठी असते पण आंबटपणाच नाही, पन्हं नुसतं गुळाचं पाणी लागतं. गावरान कैरी घ्यायची, आत कोय धरलेली.

मी त्यात माझं थोडं घातलं. आदल्या दिवशी पोत्यातल्या दोन-तीन कैऱ्या वेगळ्या उकडल्या आणि वाटीने मोजून थोडंसं पन्हं केलं. हे नैवेद्याचं नव्हतंच, त्यामुळे घरात सगळ्यांनी खुशाल चाखलं, नवऱ्याने तर ग्लासभर ढोसलं. एक वाटी गराला किसलेला गूळ पावणेदोन वाट्या, तयार झालेल्या एक वाटीत पाणी चार वाट्या, असं जमलं. ते कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं. सासूबाई बघून हसल्या पण बोलल्या काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून सुरुवात केली. कैऱ्यांचे देठाकडचे तुकडे कापून आधी पाण्यात टाकून ठेवायच्या, हे कुणी स्किप करू नका, तो चीक राहिला की पिणाऱ्याच्या घशाला खाज सुटते. मग कुकरला दोन-तीन शिट्ट्या, एका कुकरचं काम नाही, शेजारणीचे दोन आणले होते. खरं तर सासूबाईंच्या माहेरी चुलीच्या फुफाट्यात भाजायचे कैऱ्या, भाकरी झाल्या की निखारे मागे सारून. त्याला धुराचा जो वास येतो तो कुकरला येत नाहीच, पण दहा किलो कैऱ्या फुफाट्यात कोण भाजणार.

गर काढताना मिक्सर वापरू नका. जाऊबाई म्हणत होत्या की फिरवून टाक पटकन, पण मिक्सरने काय होतं की गावरान कैरीचे धागे बारीक कापले जातात आणि गाळले तरी चाळणीतून खाली उतरतात आणि मग पिताना घशात अडकतात. पुरणाच्या यंत्रातून काढला की धागे वरच राहतात, दर थोड्या वेळाने जाळी उलटी करून खरवडावी लागते, हात दुखतात, पण गर एकदम लोण्यासारखा पडतो. सगळा गर आधी एकाच भांड्यात कालवून घेतला, कारण आंबट-तुरट सगळं एकत्र झालं तरच आपलं माप लागू पडणार ना.

गूळ मात्र तसाच घालायचा नाही. थोड्या पाण्यात गरम करून विरघळवला आणि फडक्यातून गाळला, तर खाली वाळू आणि उसाचा भुगा चांगला चमचाभर निघाला! गाळलेला गूळ गरम असतानाच गरात मिसळला, वेलची कुटून घातली, सैंधव घातलं. साधं मीठ नाही, कारण चालणाऱ्यांत उपासवाले असतात. नैवेद्याच्या वाटीपुरतं केशर. तेवढ्याचा नैवेद्य झाला, वाटी गंजात गेली, आणि मग मी चाखलं. बरोब्बर! चालणाऱ्यांसाठी नंतर सैंधव आणि जिरेपूड थोडी वाढवली, घामाने अंगातलं मीठ जातं म्हणून.

भांडं स्टीलचंच घ्या. पितळी गंज दिसतो छान, पण कल्हई नसेल तर आंबट त्यात कळकतं. आणि बर्फ सरळ टाकायचा नाही. 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे, पण विकणाऱ्यावर किती भरवसा ठेवायचा, म्हणून आम्ही रात्रीच माठ भरून ठेवले होते आणि ते पाणी तिथेच टेबलाशी थोडं थोडं मिसळत गेलो. सगळं एकदम कालवून उन्हात ठेवलं की दुपारपर्यंत फसफसतं.

संपलं किती वाजता कळलंच नाही. एक मावशी मात्र परत आल्या आणि म्हणाल्या मीठ अजून चाललं असतं, सकाळपासून पायात गोळे येतायत. बरोबर आहे त्यांचं, चालणाऱ्याचं आणि घरात बसून चाखणाऱ्याचं माप एक कसं असेल? कागदावर त्यांच्या नावाने अर्धा चमचा वाढवलाय.

पाणी न घातलेला गर एक बरणी उरलाय, फ्रीजमध्ये आहे, पंधरा दिवस काही होत नाही फक्त ओला चमचा घालायचा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत करायचंय. पण तोवर कैऱ्या पाडाला लागायला लागतात आणि आंबटपणा उतरतो, त्यामुळे हेच माप तेव्हा चालणार नाही, गूळ सव्वापट-दीडपटच्या आत बसेल असं सासूबाई म्हणतायत. बघू, आधी बाजारात जाऊन दात आंबवून येते.