पॅनच्या मजल्यावरचा पहिला हंगाम

साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट म्हणून मी रुजू झालो तेव्हा माझ्या नेमणूकपत्रात पद होते, पगार होता आणि माझ्या हाताखाली कोणते विभाग असतील हेही स्पष्ट लिहिलेले होते. त्या विभागांतल्या माणसांनी माझे का ऐकावे, हे मात्र कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिता येत नाही, आणि ते उमगायला मला एक अख्खा गाळप हंगाम लागला. पहिल्या दिवसापासून सगळे मला ‘साहेब’ म्हणत होते. तो मान खुर्चीचा होता. माझ्या आधी तिथे बसलेल्यालाही तो तसाच मिळाला होता.

सहकारी कारखान्यात ही गोष्ट अधिकच नाजूक असते. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या क्षेत्राची घडणच अशी आहे, की ऊस घालणारा शेतकरी सभासद म्हणून मालक असतो आणि कामावरचा माणूस पुष्कळदा त्याच्याच घरातला किंवा भावकीतला असतो. बाहेरून पदवी घेऊन आलेला तेवीस वर्षांचा मुलगा तिथे हुकूम सोडू लागला, तर समोरचा माणूस वाद घालत नाही. तो ‘बरं साहेब’ म्हणतो आणि सांगितलेले अक्षरशः तसेच करतो. माझ्या बाबतीत नेमके तेच घडले.

आमच्या पॅनमनला सगळे तात्या म्हणत. पॅन म्हणजे मोठे बंद भांडे. त्यात निर्वात स्थितीत, साधारण ६५ अंश सेल्सिअसला सिरप, म्हणजे उसाचा आटवलेला रस, उकळत ठेवून साखरेचा दाणा वाढवायचा, हे त्यांचे काम. सिरप आटण्याचा वेग आणि दाण्याने साखर ओढून घेण्याचा वेग यांचा मेळ राहिला पाहिजे. आटणे पुढे गेले, की नको असलेला बारीक दाणा आपोआप तयार होतो, ज्याला आम्ही फॉल्स ग्रेन म्हणतो. तो सेंट्रिफ्युगलच्या, म्हणजे साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्राच्या, जाळीत बसतो, मळी सुटत नाही आणि साखर धुतली जात नाही. तात्या दर थोड्या वेळाने नमुना काढून काचेवर पसरत, ती काच दिव्यासमोर धरत आणि मग अंगठा व तर्जनीमध्ये थेंब घेऊन त्याची तार किती लांब येते ते पाहत.

डिसेंबरातली रात्रपाळी होती. सिरपची टाकी भरत आली होती आणि आता ऊस गाळणारी मिल मंद करावी लागेल, या धास्तीने मी त्यांना वाफ वाढवायला सांगितले. ते म्हणाले, “दाणा अजून बारीक आहे साहेब, एवढं ओढणार नाही.” मी पुन्हा सांगितले, तेव्हा त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. अर्ध्या तासाने त्यांनी काच न बोलता माझ्या हातात दिली. ठळक दाण्यांच्या मधोमध धुरळा पसरावा तसे बारीक कण दिसत होते. गरम पाणी देऊन ते विरघळवण्यात जवळपास तास गेला आणि जी मिल मंद होऊ नये म्हणून मी घाई केली होती, ती मंद करावीच लागली.

पहाटे लॉगबुक भरताना तात्यांनी मला वाचवण्याचा मार्ग सुचवला. “वाफेचा दाब वरखाली झाला म्हणून लिहा,” ते म्हणाले. तसे लिहिले असते तर दोष बॉयलरवर गेला असता. पॅनमनने सांगितलेले न ऐकता वाफ वाढवली, असे मी स्वतःच्या नावानिशी लिहिले आणि सकाळी चीफ केमिस्टची बोलणी खाल्ली. त्या दिवसानंतर पॅनवरची माणसे अडचण माझ्यापासून लपवीनाशी झाली. आपले नाव वर पाठवून हा मोकळा होणार नाही, एवढी खात्री त्यांना पटली होती.

परंतु विश्वास म्हणजे अधिकार नव्हे. नवख्याने नम्र राहावे, विचारावे, शिकावे, असे सगळेच सांगतात, पण नुसता विचारत राहणारा माणूस लोकांना आवडतो, निर्णयासाठी मात्र त्याच्याकडे कोणी येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या जागी जे कमी आहे ते आपल्याला आणता आले पाहिजे. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, ऊसगाड्या चिखलात अडकल्या आणि तोडलेला ऊस तीन-चार दिवसांनी गव्हाणीत पडू लागला. पॅन रेंगाळू लागले. माल बुळबुळीत लागतो, हे तात्यांच्या बोटांना कळले होते, पण त्याचे कारण त्यांना सापडत नव्हते. मी प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक उचलून पॅनच्या मजल्यावर नेला. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ एका डोळ्याने पाहिले आणि म्हणाले, “हा लांबट का झालाय?” शिळ्या उसात जिवाणूंमुळे डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि तो दाण्याच्या काही बाजूंची वाढ अडवतो, हे मी त्यांना सांगितले. दोघांनी मिळून चीफ केमिस्टना गाठले आणि आधी तोडलेल्या उसाच्या गाड्या आधी रिकाम्या कराव्यात, म्हणून शेती विभागाला निरोप गेला. त्या आठवड्यापासून तात्या माल उतरवण्याआधी काच माझ्यापुढे धरू लागले.

चार हंगामांनंतर मी दुसऱ्या कारखान्यात वरच्या पदावर गेलो. पगार सोबत आला, अनुभवाचा दाखला आला. तात्यांनी दिलेले स्थान आले नाही, कारण ते माझे नव्हतेच, ते त्या मजल्याने दिलेले होते. तिथल्या पॅनमनचे नाव मी पहिल्याच पाळीत विचारून घेतले आणि दोन आठवडे त्यांच्या शेजारी उभा राहिलो. काच त्यांनी तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे केली.