एका कॉफीवर लुका गेला

११ नोव्हेंबर २०२५ ला डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल टीमने खेळाडूंची देवघेव ठरवणारा आपला जनरल मॅनेजर निको हॅरिसन याला काढलं. ऑफिसात बातमी पोचली तेव्हा आमच्या मजल्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. लेऑफची नुसती कुणकुण लागली तरी आपली माणसं व्हिसाचे दिवस मोजायला बसतात, अशा या गावात मी कुणाची तरी नोकरी गेली म्हणून टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी थोडी लाज वाटली. फार नाही.

त्याच्यावरच्या रागाचं मूळ त्याच वर्षीच्या १ फेब्रुवारीच्या रात्री आहे. माघी गणपती होता. डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या मित्रांकडे मोदक हाणून घरी आलो होतो, मी भांडी विसळत होते. अकरा वाजून गेल्यावर अकरा वर्षांचं पोरगं जिना उतरून आलं आणि म्हणालं, "आई, लुकाला विकलं." मी म्हटलं, झोप, कुणीतरी खोटं टाकलं असेल. नंतर कळलं की निम्म्या अमेरिकेला तेच वाटलं होतं. बातमी फोडणारा पत्रकार शॅम्स शरानिया याचं अकाउंट हॅक झालंय असं लोक म्हणत होते. झालं नव्हतं. मॅव्हरिक्सचा सगळ्यात मोठा खेळाडू लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला होता आणि बदल्यात अँथनी डेव्हिस येणार होता.

बास्केटबॉलमधलं मला काय कळणार? मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल. पण पोराबरोबर बघता बघता लुका आमच्या घरातला झाला. स्लोव्हेनियातून माद्रिदला आणि तिथून २०१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी इथे. आमच्यासारखाच बाहेरून आलेला. २०२४ मध्ये त्याने टीम फायनलला नेली. बोस्टनने ४-१ ने धुतलं, पण नेली तर होती! सलग पाच वर्षं लीगच्या पहिल्या पाचांत त्याची निवड झाली. वय पंचवीस.

विकलं हे मी एक वेळ पचवलं असतं. कसं विकलं, ते अजून गळ्याखाली उतरत नाही. जानेवारीत लेकर्स डॅलसला खेळायला आले, तेव्हा हॅरिसन त्यांच्या जनरल मॅनेजरला, रॉब पेलिंकाला, कॉफीला भेटला आणि तिथून हे सुरू झालं. बाकी टीमना पत्ता नाही. लुकाला नाही. आम्हाला तर कोण विचारतंय! अहो, आपण जुनी अ‍ॅक्टिव्हा विकायची म्हटली तरी चार गिऱ्हाइकं बघतो. शेजाऱ्याला भाव विचारतो, मेव्हण्याला विचारतो, गॅरेजवाला मध्येच पाचशे कमी करतो म्हणून भांडतो. इथे लीगमधला सगळ्यात मोलाचा तरुण खेळाडू एका गिऱ्हाइकाला दाखवला आणि देऊन टाकला. आलं काय? एकतिसाव्या वर्षीचा, आधीच दुखापतीने बसलेला डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी नावाचा एक पोरगा आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक (म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क). एक! आदल्याच वर्षी मिकल ब्रिजेस नावाच्या खेळाडूसाठी न्यूयॉर्कने पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले होते, आणि तो तोवर एकदाही ऑल-स्टार झालेला नव्हता. हे गणित पोराने मला डब्यावर पोळ्या मोजाव्यात तसं बोटांवर करून दाखवलं.

हॅरिसनने दिलेलं कारण काय, तर डिफेन्सने चॅम्पियनशिप जिंकतात. मग लुकाच्या वजनाच्या, फिटनेसच्या बातम्या सुटल्या. हे मात्र ओळखीचं वाटलं. सून माहेरी धाडली की मागून तिच्या स्वयंपाकाची गाऱ्हाणी निघतात, तसं.

त्यात एक नियम असा की सगळ्यात मोठा करार मिळायला खेळाडू मूळच्या टीमकडेच राहिलेला असावा लागतो. पाच वर्षांचे सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलर लुकाला डॅलसकडून मिळू शकत होते. दुसऱ्यांनी उचलून दुसरीकडे टाकलं आणि तो हक्क याचा गेला. कंपनी बदलली की ग्रीन कार्डचं प्रकरण बरंचसं नव्याने सुरू करावं लागतं, ते आम्ही भोगलंय. पण कंपनी आम्ही स्वतः बदलली होती. (ऑगस्टमध्ये लेकर्सनी त्याला तीन वर्षांचे साडेसोळा कोटी डॉलर दिले. कुणी त्याच्यासाठी वर्गणी काढायची गरज नाही, हे मलाही कळतं.)

लोकांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणली. तिथेच डर्क नोविट्स्कीचा पुतळा आहे. एकवीस सीझन एकाच टीमकडे खेळलेला माणूस, आणि खाली कोरलंय की निष्ठा कधी विरत नाही. त्या पुतळ्यापाशी फुलं ठेवून लोक रडत होते. आपल्याकडे प्रतिमेला जोडे बसले असते, म्हणून मी कौतुकाने बाबांना फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यात रडायचं काय? आमच्या पेठेतलं पोरगं दुसऱ्या तालमीकडनं खेळलं तर आम्ही चार दिवस बोलत नाही. पण आम्ही त्याला विकत नाही." थोडं थांबून म्हणाले, "आणि तुला कुठं कुणी विकलं होतं? तू आपली आपण गेलीस."

आता यावर काय बोलायचं? मी नवऱ्याच्या व्हिसावर आले, पहिली काही वर्षं कामाची परवानगी नव्हती, हे त्यांना माहीत आहे. तरी सांगितलं. खरं तर माझ्याबदली पेठेला दुसऱ्या फेरीचा पिकसुद्धा मिळाला नाही.

टीमचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ८ फेब्रुवारीला डेव्हिस पहिल्यांदा उतरला, २६ पॉइंट आणि १६ रिबाउंड केले आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी होऊन बाहेर गेला. ३ मार्चला आमच्या दुसऱ्या मोठ्या खेळाडूचा, कायरी अर्विंगचा, गुडघा गेला. सीझन ३९ विजय, ४३ पराभव यांवर आटोपला.

९ एप्रिलला लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला आला. आम्ही सगळ्यात वरच्या रांगांची तिकिटं काढली, किंमत सासूबाईंना सांगितलेली नाही. प्रत्येक खुर्चीवर टी-शर्ट ठेवलेला, त्यावर स्लोव्हेनियन भाषेत 'ह्वाला झा व्से', म्हणजे सगळ्यासाठी आभार. मॅचआधी त्याचा व्हिडिओ लावला, तेव्हा तो बेंचवर टॉवेलने डोळे पुसत होता. माझ्या शेजारी काउबॉय बूट घातलेले एक आजोबा. त्यांनी न बोलता खिशातला टिश्यू अर्धा फाडून माझ्यापुढे धरला. मग लुकाने आमच्याच टीमवर ४५ पॉइंट ठोकले, आम्ही हरलो, आणि अख्खं स्टेडियम त्याच्या बास्केटवर ओरडत होतं. हार्दिक पंड्या मुंबईचा कॅप्टन झाला तेव्हा वानखेडेवर आपल्याच माणसाची हुर्यो उडवली होती. इथे उलटं. तरी आपल्या लोकांना नावं ठेवू नका, वर्ल्ड कप आणल्यावर त्याच वानखेडेने त्याला डोक्यावर घेतलं.

मेमध्ये नवे खेळाडू कोण आधी निवडणार हे ठरवणाऱ्या लॉटरीत फक्त १.८ टक्के शक्यता असताना मॅव्हरिक्सना पहिला पिक लागला आणि कूपर फ्लॅग आला. अठरा वर्षांचा. तरी नवा सीझन ३-८ असा सुरू झाला आणि हॅरिसन गेला.

पोराला आता फ्लॅगची ३२ नंबरची जर्सी हवीय. लुकाची ७७ त्याला आखूड होते, म्हणून गेल्या रविवारी त्याने स्वतःच ती फडक्यांच्या ढिगात टाकली. मी उचलून परत कपाटात ठेवली. पॉलिस्टरची आहे, पाणी टिपत नाही.