वाकड्या होड्या

होडी काढायला सांगा, बहुतेकजण दोन्ही बाजूंनी सारखी, टोकदार होडी काढतील. मधे डोलकाठी, तिला त्रिकोणी शीड, झालं चित्र. मला मात्र जगभरातल्या होड्यांचे फोटो बघत बसायचा नाद आहे, आणि त्यातल्या ज्यांच्यावर माझा जीव आहे, त्यांतली एकही या चित्रात बसत नाही. कुणी गोल, कुणी कललेली, कुणी चक्क दोरीने शिवलेली.

व्हेनिसचा गोंडोला घ्या. सिनेमात इतकेदा पाहूनही तो वाकडा आहे हे सहसा ध्यानात येत नाही. सुमारे ११ मीटर लांबीच्या या नावेची डावी बाजू उजवीपेक्षा तब्बल २४ सेंटिमीटरने फुगीर असते. कालवे अरुंद, नावाडी एकच, वल्हंही एकच आणि तेही उजवीकडे. नाव सरळ बांधली असती तर दर रेट्याला डावीकडे वळत गेली असती. म्हणून ती मुळातच वाकडी बांधायची, म्हणजे एका वल्ह्यावर सरळ जाते! वल्हं टेकवायचा लाकडी खुंट, फोर्कोला, तर तासन्‌तास बघत राहावा असा. एवढाल्या त्या लाकडाला इतके बाक आणि इतक्या खाचा, की वल्हं कुठल्या खाचेत टेकलं यावर नाव पुढे जाणार, मागे येणार की जागीच थांबणार हे ठरतं. गिअरच म्हणा ना.

गोल होडी त्याहून चक्रम. ना नाळ म्हणजे पुढचं टोक, ना शेपूट. वल्हं मारावं तर स्वतःभोवतीच फिरणार. तरीही इराकच्या नद्यांमध्ये वेताबांबूसारख्या काड्यांची विणलेली, डांबर फासलेली कुफा विसाव्या शतकापर्यंत माणसं आणि माल वाहत होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी तिथल्याच कातडी गोल होड्यांचं वर्णन केलंय. वरच्या मुलखातून माल भरून बाबिलोनला यायचं आणि होडीत मालाबरोबर एक जिवंत गाढवही घ्यायचं. मुक्कामी पोचलं की माल विकायचा, होडीचा लाकडी सांगाडाही विकून टाकायचा, कातडी गाढवावर लादायची आणि चालत घरी. प्रवाहच इतका जोरदार, की उलट वल्हवत जाणं शक्यच नव्हतं. परतीचं वाहन आधीच होडीत बसवून आणणाऱ्या त्या व्यापाऱ्यांना माझा दंडवत.

व्हिएतनामच्या किनाऱ्यावर गोल होड्या आजही आहेत. लाट कुठूनही आली तरी त्यांना आडवं पडायला बाजूच नाही, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटांत त्या बऱ्या पडतात. पूर्वी बांबूची वीण आणि तिला शेण-राळेचा लेप. हल्ली कित्येक होड्या फायबरच्या. साहित्य बदललं, गोलपणा तोच.

शिवलेल्या जहाजांवर तर चटकन विश्वासच बसत नाही. इजिप्तच्या खुफू राजाच्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये सापडलेली ४३ मीटरची नाव बाराशेहून जास्त तुकड्यांची, आणि ते सगळे दोरांनी आवळून बांधायचे. हिंदी महासागरात शतकानुशतकं फळ्यांना भोकं पाडून काथ्याने शिवलेली जहाजं फिरली. शिवण लाटेबरोबर थोडी दबते, थोडी सैलावते; खिळ्याने ठोकलेल्या फळीला एवढी लवचिकता कुठून येणार? इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातलं असं एक जहाज सापडलं. त्यात चिनी भांडी होती, सुमारे साठ हजार. दोरीवर इतका भरवसा, की पोटात भरायला निवडलं काय, तर फुटणारं सामान! जहाज बुडालं हे खरं. पण अकराशे वर्षांनी वर काढली तेव्हा हजारो भांडी शाबूत होती.

याउलट उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्याची कयाक, म्हणजे एकट्याची चिंचोळी होडी, त्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. लांबी, रुंदी, बसायचं भोक, सगळं त्याच्या हातांच्या आणि कमरेच्या हिशोबाने. वर सीलचं कातडं ताणून शिवलेलं. दुसऱ्याने बसायचं म्हटलं तर एकतर अडकणार, नाहीतर डुगडुगणार. आता कयाक साच्यातून निघते, रंगीत प्लास्टिकची. कुणीही बसावं, पट्टे ओढून पाय टेकायची जागा पुढेमागे करून घ्यावी. सोय झाली यात वाद नाही, पण मला त्या एकसारख्या रांगा बघून जरा कंटाळाच येतो.

मग वाटायचं, वाकडेपणाचे दिवस संपले. तेवढ्यात गोदीत कोरड्यावर उभ्या केलेल्या कंटेनर जहाजाचा फोटो पाहिला. पाण्याखालचा भाग उघडा, आणि नाळेखाली चक्क एक भलंमोठं गोलमटोल नाक! पुढचं टोक पाणी कापताना जी लाट उठवतं, तिच्या उंचवट्यावर या नाकाच्या लाटेचा खळगा येतो, दोन्ही एकमेकींना मारतात आणि इंधन वाचतं. मात्र हे जमतं ते ठरावीक वेगालाच. २००८ च्या मंदीनंतर तेल वाचवायला जहाजं हळू हाकायला लागली, तेव्हा कित्येकांची नाकं कापून नवी, हळू चालीला शोभणारी बसवावी लागली.